विटांच्या दरजा आणि गवंड्याची पारख

“घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून” ही म्हण सर्वतोमुखी आहे. बांधलेले घर पुढे शंभर-दीडशे वर्षे राखावयाचे कसे, ह्याविषयी मात्र पूर्वजांनी एखादी म्हण करून ठेवलेली आमच्या ऐकिवात नाही. वाडा बांधणाऱ्याचे नाव कुळाच्या इतिहासात राहते. ज्याने वेळच्या वेळी त्याच्या भिंती पाहिल्या, गळके पन्हळ बदलले, झडलेला चुना भरून घेतला, त्याचे नाव घरातील माणसांसही ठाऊक नसते. आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांची मूळ घरे विटांची आहेत. मुले-नातवंडे मुंबईस, बंगळुरास, समुद्रापार स्थायिक झाली तरी मूळ घर पाडू नये, नीट करून ठेवावे, अशी इच्छा अलीकडे अनेकांच्या ठायी दिसू लागली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. आम्ही इतिहास शिकविण्यात आयुष्य घालविले, तेव्हा जुने म्हटले की आम्हांस सर्वच ठाऊक असणार, अशा समजुतीने ज्ञातिबांधव आम्हांस वारंवार एक प्रश्न विचारतात : भिंतीच्या दरजा भरावयाच्या आहेत, गवंडी कोणता पाहावा? एखादे नाव सांगून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तो गृहस्थ उद्या दुसऱ्या कामावर गेला म्हणजे प्रश्न जेथल्या तेथे राहतो. म्हणून ही पारख पूर्वी कोण करीत असे आणि ती आपल्या हातून कशी निसटली, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचे योजिले आहे.

दोन विटांमधील सांध्यास दरज म्हणतात, हे वडील मंडळींस सांगावयास नको. तरुण वाचकांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. वीट विटेवर बसविताना मध्ये जो चुना घालतात, त्याचा बाहेरचा भाग ऊन, पाऊस आणि वारा ह्यांनी कालांतराने झडतो. तो खरवडून काढून तेथे नवा चुना दाबून भरणे म्हणजे दरजा भरणे. काम दिसावयास क्षुल्लक, पण जुन्या भिंतीचे आयुष्य त्यावर अवलंबून असते. जुनी वीट मऊ व सच्छिद्र असते. पावसाळ्यात ती पाणी पिते आणि उघाडीनंतर ते बाहेर टाकते. चुन्याची दरज विटेहूनही मऊ असल्यामुळे हे पाणी बहुतांशी दरजेच्या वाटे निघून जाते, आणि पाण्याबरोबर येणारे क्षारही दरजेतच साचतात. झडावयाचे ते दरजेने झडावे व विटेने शाबूत राहावे, अशी ही योजना आहे; कारण दरज पुन्हा भरता येते, वीट पुन्हा भरता येत नाही. ह्याच दरजेत विटेहून कठीण पदार्थ भरला म्हणजे पाण्याची वाट बंद होते. मग ते विटेतूनच बाहेर पडू पाहते, क्षार विटेच्या पृष्ठभागाआड साचून त्यांचे स्फटिक बनतात, आणि विटेचे तोंड पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटू लागते. भिंतीस लोणा लागून वीट खाल्ली गेली असे आपण म्हणतो तो हा प्रकार.

ह्यात गोम अशी की, दोष लगेच दिसत नाही. नव्याने भरलेल्या दरजा, बऱ्या असोत वा वाईट, पहिल्या दिवाळीस सारख्याच देखण्या दिसतात. वाईटाचे वाईटपण उघडे पडावयास कित्येक पावसाळे जावे लागतात, आणि तोवर गवंडी कोठे, मक्तेदार कोठे, ह्याचा पत्ता नसतो. छप्पर गळले तर त्याच मोसमात जाब विचारता येतो. दरजेच्या बाबतीत जाब विचारण्यासारखा माणूस समोर उरत नाही. तेव्हा ह्या कामी जी पारख करावयाची ती आधीच केली पाहिजे. मनुष्यजातीस हे कळावयास बराच काळ लागला.

बॅबिलोनचा राजा हम्मुराबी ह्याचा सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीचा कायदा एका काळ्या शिळेवर कोरलेला आहे. ती शिळा १९०१-०२ मध्ये सूसा येथील उत्खननात सापडली आणि पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ठेवण्यात आली. तो देश विटांचाच. बांधणाऱ्याने बांधलेले घर कोसळून धनी मेला तर बांधणाऱ्यास देहान्त शासन, आणि बांधलेली भिंत ढासळू लागली तर त्याने ती स्वतःच्या पैशाने पक्की करून द्यावी, असे त्यात सांगितले आहे. आपल्याकडे कौटिल्याने अर्थशास्त्राच्या ‘कंटकशोधन’ नामक चौथ्या अधिकरणाचा आरंभच कारागिरांपासून केला आहे. कारागिरास समाजाच्या काट्यांत गणण्याचा हा कडकपणा आमच्या मनास रुचत नाही. तथापि नियम व्यवहारी आहेत. काम कोठे, केव्हा आणि कसे करावयाचे हे ठरलेले असावे, आणि ते ठरलेले नव्हते असे निमित्त सांगून जो काम लांबवील त्याने वेतनाचा चौथा भाग गमवावा व वेतनाच्या दुप्पट दंड भरावा, असे तो सांगतो. १९०५ मध्ये म्हैसूरच्या शामशास्त्र्यांच्या हाती हा ग्रंथ लागला नसता तर हे आपणांस ठाऊकही झाले नसते.

हे दोन्ही कायदे चूक घडल्यावर माणसास धरणारे आहेत. चूक घडण्यापूर्वी मालाची परीक्षा घेण्याची स्पष्ट नोंद आम्हांस आढळते ती रोमन लोकांत. व्हिट्रुव्हियस नामक स्थपतीने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे की, भिजविलेल्या चुन्यात लोखंडी हत्यार घालून पाहावे : त्यास खडे लागले तर चुना पुरता मुरलेला नाही; हत्यार कोरडे व स्वच्छ निघाले तर चुना निःसत्त्व; आणि सरसासारखा चिकटून आला तर तो उत्तम. पुढे प्लिनीने सांगितले आहे की, तीन वर्षांहून कमी मुरलेला चुना मक्तेदाराने वापरू नये, असा नियम जुन्या इमारतींच्या कायद्यात होता. मक्तेदाराचे गोड बोलणे, त्याची शिफारस, त्याचा दर, ह्यांतील काही न पाहता त्याच्या चुन्याचे वय विचारणे, हा आमच्या मते ह्या विषयातील पहिला शहाणपणाचा प्रश्न होय.

ह्यानंतर लंडनकडे वळण्याचे कारण असे की, पुढे आपल्या देशात बांधकामाची जी सरकारी पद्धत आली ती इंग्लंडातून आली. लंडनच्या कौलारू व वीटकाम करणाऱ्यांच्या संघास १५६८ मध्ये राणी एलिझाबेथची सनद मिळाली होती. त्यापूर्वी पाचच वर्षे, १५६३ मध्ये, कोणताही धंदा करावयाचा तर सात वर्षे उमेदवारी केलीच पाहिजे असा कायदा झाला होता. अर्थात गवंड्याची पारख धन्याने करण्याचे कारणच नव्हते. संघाने केलेली असे. मग १६६६ ची प्रसिद्ध आग लागली. लाकडी घरांचे शहर भस्मसात झाले, आणि १६६७ च्या कायद्याने बाहेरच्या भिंती विटांच्या वा दगडांच्याच असाव्यात असे ठरले. इतक्या विटा रचावयास शहरात गवंडी होते कोठे? तेव्हा त्याच कायद्याने संघाबाहेरच्या कारागिरांस सात वर्षे शहरात काम करण्याची मोकळीक दिली, आणि जे सात वर्षे काम करतील त्यांस ती जन्मभर मिळाली. शहर पुन्हा उभे राहिले, पण संघाची पकड ढिली झाली ती झालीच. १८१४ मध्ये सात वर्षांच्या उमेदवारीचा कायदाही रद्द झाला.

ह्याच काळात तेथे दरजांची एक गमतीची पद्धत निघाली. सुबक विटा महाग, म्हणून ओबडधोबड विटांच्या भिंतीत विटेच्याच रंगाचा चुना सपाट भरावयाचा आणि त्यावर पांढऱ्या चुन्याची बारीक, सरळ रेघ उठवावयाची; लांबून पाहणारास वाटावे की विटा अगदी रेखीव आहेत. काम मोठ्या कौशल्याचे होते, ह्यात शंका नाही. परंतु दरज ही भिंतीच्या संरक्षणासाठी असते ही गोष्ट मागे पडून ती भिंतीच्या शोभेसाठी असते, ही समजूत तेव्हापासून जी रूढ झाली ती अद्याप गेलेली नाही. आजही मक्तेदार प्रथम दरजेचा रंग दाखवितो.

आता आपल्या घरी येऊ. महाराष्ट्र हा काळ्या दगडाचा देश खरा. पण विटेची परंपराही येथे अगदी जुनी आहे. तेर येथील त्रिविक्रमाचे विटांचे देवालय आजही पाहावयास मिळते. तथापि गावगाड्याच्या व्यवस्थेत एक मौज आहे. बारा बलुतेदारांच्या प्रचलित यादीत सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, गवंडी नाही. नांगराचा फाळ दरसाल शेवटावा लागतो, मडके दरसाल फुटते, म्हणून त्या कारागिरांस बलुते लावून दिलेले. पक्की भिंत बांधण्याचा प्रसंग शेतकऱ्याच्या घरी पिढीतून एखाद्या वेळी यावयाचा. म्हणून सुतार-लोहार वडिलोपार्जित मिळत, गवंडी मात्र शोधून, पारखून आणावा लागे. आमच्या मते आपल्याकडील पारखीचे मूळ ह्यात आहे.

शनिवारवाड्याचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १० जानेवारी १७३० रोजी पायाभरणी झाली, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली, आणि खर्च १६,११० रुपये आला. सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीच्या बाजूचा, असे सांगतात. बांधणारे कारागीर राजस्थानातून आले होते व काम पसंत पडल्यावर त्यांस ‘नाईक’ ही पदवी मिळाली, अशीही परंपरा आहे. येथे आम्हांस लक्षात आणून द्यावयाचे ते इतकेच की, लाकूड, दगड आणि चुना कोठला हे ज्या आठवणीत टिकून राहिले, त्या आठवणीत चुन्याचे गाव सागवानाच्या जोडीने सांगितले जाते. पुढे २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्यास आग लागली; आतले सागवानी मजले जळून गेले. तटाच्या खालच्या भागाचा दगड आणि वरच्या भागाची वीट राहिली. ज्यांनी ती वीट जवळून पाहिली असेल त्यांस ठाऊक आहे की पेशवाईतील वीट पातळ असते. पातळ विटेच्या भिंतीत विटेच्या मानाने दरजा अधिक येतात. अर्थात आजच्या जाड विटेच्या भिंतीपेक्षा त्या भिंतीचा भरवसा चुन्यावर अधिक.

तो चुना कसा होई? चुनखडी किंवा कंकर भट्टीत भाजून कळीचा चुना काढीत. तो पाण्यात विरवीत. चांगला खडा तडतडून, वाफा सोडीत फुटे, न फुटणारा खडा कच्चा अथवा जळका म्हणून काढून टाकीत. मग वाळू किंवा विटेची सुरखी मिसळून तो घाणीत मळीत. वर्तुळाकार दगडी चर, त्यात फिरणारे जड दगडी चाक, आणि ते ओढणारा बैल, ही घाणी वडील वाचकांपैकी काहींनी पाहिली असेल. गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळाचा गर असे पदार्थ घालण्याची चालही देशात अनेक ठिकाणी होती. सुरखी घातलेला चुना ओलीतही घट्ट होतो. निव्वळ चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून सावकाश पुन्हा चुनखडीसारखा बनतो. हे रसायन जुन्या गवंड्यास पुस्तकातून ठाऊक नव्हते, हातास ठाऊक होते.

मोठ्या कामाची घाणी बहुधा कामाच्या जागीच असे, आणि ह्या एका गोष्टीने पारखीचा प्रश्न निम्मा सुटत असे. बैल किती फेरे फिरला, सुरखी किती पडली, चुना किती दिवस मुरला, हे घरधनी ओसरीवर बसून पाहू शके. बोटांत चुना चोळून खर लागते का, थापीवर घेऊन थापी उलटी केली असता तो पडतो का, एवढे त्यास समजत असे. त्यास थापी धरता येत नसली तरी गवंडी पारखता येत असे, कारण गवंड्याचे अर्धे काम त्याच्या डोळ्यांदेखत होई. आज आपल्या अंगणात माल येतो तो पोते शिवून येतो.

हा बदल दोन पायऱ्यांनी झाला. पहिली पायरी मक्त्याची. १८५४ च्या सुमारास लॉर्ड डलहौसीने सार्वजनिक बांधकाम खाते उभारले, आणि त्याच वर्षी ह्या खात्यास हाताखालचे कामगार पुरविण्यासाठी पुण्यास इंजिनियरिंगचा वर्ग निघाला. पुढे त्याचेच सुप्रसिद्ध महाविद्यालय झाले. खात्याने मोजमाप आणले, दरपत्रके आणली, ब्रासचा हिशेब आणला. ह्यात पुष्कळ चांगले होते. महात्मा जोतीराव फुल्यांसारख्या पुरुषानेही बांधकामाचे मक्ते घेतले होते, आणि १८७० च्या दशकात पुण्यानजीकच्या धरणाच्या कामास साहित्य पुरविले होते. ह्या खात्याचा कारभार त्यांनी आतून पाहिलेला असल्यामुळेच त्यावरील त्यांची टीका इतकी झोंबणारी आहे. परंतु मक्त्याच्या पद्धतीने धनी आणि गवंडी ह्यांच्यामध्ये मक्तेदार व ओव्हरसियर अशी दोन माणसे उभी राहिली. ज्याचा दर कमी त्यास काम. दरजा चौरस फुटांवर मोजल्या जाऊ लागल्या. किती खोल भरल्या हे चौरस फुटात दिसत नाही.

दुसरी पायरी सिमेंटची. इंग्लंडातील जोसेफ अ‍ॅस्पडिन ह्याने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचा हक्क नोंदविला. आपल्या देशात पोरबंदरचा कारखाना १९१४ मध्ये सिमेंट काढू लागला, आणि १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन ए. सी. सी. झाली. सिमेंटची निंदा करण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. धरणे, पूल, उंच इमारती त्यावाचून झाल्या नसत्या. गवंड्यास तर ते वरदानच वाटले : घाणी नको, बैल नको, मुरविणे नको, सकाळी कालवावे, दुपारी लावावे, दुसऱ्या दिवशी दगडासारखे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून खडकवासल्याचे जुने धरणही गेले, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील माती-विटांचे वाडे पाण्यात बसले. ज्यांनी ते पाहिले त्यांच्या मनात चुना-मातीविषयी कायमची धास्ती बसली, आणि नवी घरे सिमेंटात उभी राहिली. त्यात गैर काहीच नव्हते. अनर्थ झाला तो नवे घर बांधण्याच्या मालाने जुने घर दुरुस्त करू लागल्यामुळे. जुन्या मऊ विटेच्या दरजेत कठीण सिमेंट गेले.

आम्ही ज्या एका शाळेत अनेक वर्षे अध्यापन केले तिची जुनी इमारत विटांची होती. तिच्या पश्चिमेकडील भिंतीच्या दरजा एकदा मक्तेदाराने सिमेंटने भरून दिल्या. काम सुरेख दिसत होते व सर्वांनी त्याची वाखाणणी केली. आमच्या सेवानिवृत्तीच्या सुमारास त्या भिंतीची अवस्था अशी झाली होती की, विटा आत-आत झिजून गेल्या होत्या आणि सिमेंटच्या दरजा मात्र मधाच्या पोळ्याच्या कडांप्रमाणे बाहेर उभ्या होत्या. मुले त्या खळग्यांत खडूचे तुकडे ठेवीत. भिंत शेवटी उतरवावी लागली.

असे केवळ आपल्याकडेच झाले असे नाही. इंग्लंडात विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती अशाच अविचारी दुरुस्त्यांच्या संतापातून. भारतात पुराणवस्तू खात्याचे प्रमुख जॉन मार्शल ह्यांनी १९२३ मध्ये जुन्या वास्तूंच्या जतनाची हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली. तथापि सिमेंटचा मोह मोठ्यामोठ्यांस आवरला नाही. दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्याचे जे काम २०१३ मध्ये पूर्ण झाले, त्यात विसाव्या शतकात छपरावर घातलेले सुमारे १० लाख किलो सिमेंट काँक्रीट हातांनी फोडून काढावे लागले, आणि तेथे पुन्हा चुना घालण्यात आला. त्या कामावर जुन्या पद्धतीचे कारागीर मुद्दाम नेमले होते. २०१४ च्या पुराणवस्तू खात्याच्या जतनविषयक धोरणातही परंपरागत कारागिरांचे महत्त्व मान्य केले आहे.

मग आज ही पारख कोणी करावयाची? सरकारी दाखला आहे. १९५० पासून कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू झाली, १९६१ मध्ये उमेदवारीचा कायदा झाला, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून गवंडीकाम शिकविले जाऊ लागले. दाखला असलेला माणूस ओळंबा, गुण्या व पाणसळ नीट जाणतो, ही जमेची बाजू होय, आणि असा माणूस मिळाला तर त्यास अवश्य प्राधान्य द्यावे. पण दाखला घेतलेल्याने प्रत्यक्ष हाताने चुना विरविला आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. उलट खेड्यातील एखाद्या वृद्ध गवंड्याजवळ कसलाही कागद नसतो व चुन्याचे ज्ञान पुरेपूर असते. शक्य असेल तर दोघांस एकत्र बोलवावे. वृद्धाने सांगावे, तरुणाने करावे. ह्यात तरुणाचे शिक्षणही होते, आणि हे शिक्षण दुसरीकडे त्यास कोणी देणार नाही. ह्यासाठी रोज दोन पैसे अधिक गेले तरी जाऊ द्यावेत.

माणूस आला म्हणजे त्यास प्रथम भिंतीकडे नेऊन काही न बोलता उभे राहावे, असा आमचा अनुभवसिद्ध सल्ला आहे. जो लगेच दर सांगू लागतो त्याच्याविषयी सावध असावे. जो जुना चुना नखाने उकरून पाहतो, चुरडून वाळू जाड की बारीक हे बघतो, भिंत कोठून ओली होते, पन्हळ कोठे फुटला आहे हे विचारतो, तो बहुधा जाणता असतो. कारण पाण्याचे मूळ बंद केल्यावाचून दरजा भरणे व्यर्थ आहे. मग त्यास विचारावे की जुनी दरज कशी काढणार. यंत्राची चकती लावून झटपट काढतो असे म्हटले तर नमस्कार करावा. ती चकती विटेच्या कडा खाते, आणि पेशवाई विटेच्या अरुंद दरजेत तर तिला जागाच नसते. छिन्नी-हातोडीने, दरजेच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल, असे उत्तर यावयास हवे. भरताना एकदम न भरता पाव इंचाचे थर देणार का, आधी भिंत भिजविणार का, नंतर तरट बांधून किती दिवस पाणी मारणार, हेही विचारावे. चुना कोणता, हा प्रश्न तर रोमन लोकांपासूनचा. बांधकामाच्या चुन्यासाठी भारतीय मानक ७१२ आहे, त्यात चुन्याचे वर्ग दिलेले आहेत. पुरवठादारास तो वर्ग विचारता येतो. भिंतीस रंग देण्याचा चुना वेगळा आणि हा वेगळा. पांढरे सिमेंट लावून त्यास चुना म्हणणारेही भेटतात. शंका आल्यास सुकलेल्या नमुन्यावर खिळ्याने ओरखडा काढून पाहावा, आणि तसाच जुन्या विटेवर काढून पाहावा. दरज विटेहून कठीण निघाली तर पुढील प्रश्नांची आवश्यकता नाही.

नमुना मात्र अवश्य करवून घ्यावा. घराच्या मागील बाजूस हातभर लांब-रुंद जागा निवडून तेथे दरजा भरून घ्याव्यात, त्याची मजुरी निराळी द्यावी आणि निदान महिनाभर थांबावे. एक पावसाळा थांबता आले तर फारच उत्तम. चांगला गवंडी ह्यास रागावत नाही. ह्या माणसाने पूर्वी भरलेली, निदान पाच-सात पावसाळे पाहिलेली भिंत असेल तर ती स्वतः जाऊन पाहावी व त्या घरच्यांशी बोलावे. काम उक्ते देऊ नये. उक्त्या कामात घाई हाच नफा असतो, आणि चुन्यास घाई खपत नाही. रोजंदारीवर द्यावे, आणि घरचे एक माणूस रोज परांचीखाली उभे असावे. पूर्वी घरधनी घाणीपाशी बसत असे ती जागा आता ही आहे. सबंध भिंत एकदम उकरण्याचा आग्रहही धरू नये. जेथे जुना चुना घट्ट आहे तेथे त्यास हात लावण्याचे कारण नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मुंबईत १९९५ पासून वारसा-इमारतींचे नियम झाले, इतर काही शहरांनीही याद्या केल्या. आपले घर यादीत आहे काय हे नगरपालिकेत विचारून घ्यावे. राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रित क्षेत्र २०१० च्या कायद्याने ठरविले. शनिवारवाड्याच्या आसपास ज्यांची घरे आहेत त्यांस ह्याचा त्रास चांगलाच परिचित आहे. तेथे डागडुजी काढण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी व गवंड्यास नंतर बोलवावे.

कामास दसऱ्यानंतरचा काळ चांगला. भिंत पावसाने भिजून ओसरलेली असते आणि ऊन कडक नसते. मार्च-एप्रिलच्या उन्हात चुना मुरण्यापूर्वीच सुकून भुगा होतो. असो. ह्या विषयावरील आपल्या ज्ञातीपुरता इतिहास अजून घरोघरीच्या माळ्यावर पडून आहे. जुन्या घरांच्या बांधकामाच्या वह्यांत चुना किती खंडी आला, गूळ किती लागला, गवंडी कोठला व त्यास रोज काय दिला, अशा नोंदी सापडतात. ज्यांच्याकडे अशा वह्या असतील त्यांनी त्यांची नक्कल अथवा छायाचित्र संस्थेच्या कार्यालयाकडे, घराचे गाव व बांधकामाचे वर्ष लिहून, पाठविण्याची कृपा करावी. पुढील वर्षीच्या स्मरणिकेसाठी आम्ही त्या एकत्र लावून देऊ.